गोदीत शिरलेला आवाज

वांगणी, माघ महिना, १९५४

प्रिय सावळादादा,

तुझं पत्र मोठ्यानं वाचलं आणि घरात रणकंदन माजलं! ‘आमच्या गोदीत सध्या पाण्यात बुडवून ठोकतात आणि आवाज आत शिरतो का बघतात,’ एवढं वाचते तोच आईनं तुझ्या गोदीला पोटाशी धरलं आणि मुंबईला शिव्यांची लाखोली वाहिली. तिला गोदी म्हणजे तुझी लेक, एवढंच ठाऊक. मुंबईच्या गोदीत जहाजं लागतात, साहेबलोक बंद पोकळ पिंपं बुडवून आवाजाची परीक्षा घेतात, हे समजावता समजावता माझी भाकरी करपली. अजून तिला पटलेलं नाही.

बाकी इकडं ठीक. यंदा नागलीचं पीक बरं आलं. जव्हारचं संस्थान मुंबई सरकारात गेलं, तरी आई कचेरीला दरबारच म्हणते. गोदी पाच वर्षांची झाली. डोळे थेट वहिनीचे. वहिनी गेली त्याच साली तान्हीचे कान वाहिले नि बंद झाले, तेव्हापासून सगळं खुणांवर. पण लबाड इतकी, की गूळ कुठं लपवलाय ते तिला बरोब्बर कळतं.

तू लिहिलंस, पाण्यातला आवाज पत्र्यावर आपटून बराचसा मागं फिरतो; पण पत्र्याला मानवेल असा सूर लागला, की अख्खं पिंप थरथरतं आणि आवाज आत पोचतो. ते वाचल्यापासून मला चैन पडेना. म्हटलं, आपलं पिंप म्हणजे तांब्याचा हंडा! ऊन चढल्यावर आम्ही तिघी डोहावर गेलो. आईनं कुरकुरत हंडा गळ्यापर्यंत पाण्यात दाबून धरला, गोदीचं कपाळ त्याला टेकवलं. मी तिच्या पाठीमागं जाऊन पाण्याखाली गोट्यावर गोटा आपटला. काही नाही. पुन्हा आपटला, काही नाही. रडूच यायला लागलं बघ. मग रागानं एक मोठा धोंडा उचलून खडकावर हाणला, तशी पोरीनं झटकन मान वळवली! माझ्याकडं बघितलं, हंड्याकडं बघितलं, आणि आपणहून परत कपाळ लावून बसली. हाताला हादरा लागला असेल म्हणून मी तिचे हात वर धरायला लावले नि पुन्हा धोंडा हाणला. तरी वळली. दादा, मी त्या पाण्यात वेड्यासारखी नाचले.

मग हंड्यात तोंड घालून मी हाका मारल्या, आईनंही मारल्या. आमचे आवाज बारीक, हंडा ते घेतच नाही. ती आपली आमच्या तोंडाकडं बघून हसते.

गेल्या दोन होळ्यांना तू आला नाहीस. लिहिलंस, तिला ऐकू येत नाही, बाप आला काय नि न आला काय, तिला सारखंच. ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं नाही. रागावलेय मी तुझ्यावर. पण ते लिहिताना तुझं काय झालं असेल, तेही कळतं रे मला. म्हणून हे पत्र. तिला मुंबईच्या डॉक्टरला दाखवायचंच आहे, पण आधी या होळीला घरी ये. पलीकडच्या डोंगरावरची गुरं माघारी फिरवणारा तुझा तो जाडा आवाज हंडा नक्की घेईल. ये, आणि तुझ्या लेकीला हाक मार. पाच वर्षांची झाली पोर, आपल्याला नाव आहे हेच तिला अजून ठाऊक नाही.

तुझी वाट बघणारी, तुझीच
रखमी