विभूतीने जळलेली कार्डे

लातूर, औसा रोडवरील राहते घर. श्रावणी सोमवार, दुपार.

सौ. नीलम्मास,

वर्षाराणी रात्रभर गेम खेळते म्हणूनच संगणकाची ग्राफिक्स कार्डे जळतात, असे ठरवून मी तिला क्लासच्या वसतिगृहात धाडले. त्यानंतर मी केवळ लेख लिहीत असतानाही नवे कार्ड जळाले. आज जिलानी मिस्त्रीने संगणकाची पेटी उघडली. म्हणाला, “काका, पंख्यात विभूती भरलीय. आत हवाच जाईना.”

मुलीला यश यावे म्हणून ती विभूती पेटीच्या जाळीला दर सोमवारी तूच लावतेस. तुझ्या भक्तीने पोर घराबाहेर गेली, हे तिला तूच सांगावेस.

मी तिची गादी पोहोचवण्यास जात आहे. घरी चल, असे फोनवर म्हटले होते. ती म्हणाली, “अप्पा, पेटी उघडून बघितली, पण मला एकदा बी विचारलं न्हाई. मी येणार न्हाई.”