चौथी बंदूक

माघ वद्य पंचमी, फसली १३५६

प्रिय शिवगंगा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गाडीवान बंडप्पानं परवा दुपारी कचेरीत आणून दिलं. घरी येऊन मी ते तुझ्या आईला वाचून दाखवलं. तिनं ते माझ्या हातातून घेतलं आणि वाचता येत नसताना बराच वेळ समोर धरून ठेवलं. तुझं अक्षर पूर्वीपेक्षा गोल झालं आहे, पण ओळी अजून उताराला लागलेल्या गाडीसारख्या खाली सरकतात. सातव्या महिन्यात मांडी घालून लिहिताना असं होत असेल, म्हणून या वेळी चूक धरत नाही.

तू लिहितेस की ओटी भरायला गावातली एकही बाई आली नाही. सासूबाई ताटं भरून दारात बसल्या आणि दिवस मावळल्यावर ती तशीच आत नेली. तुझ्या सासऱ्यांच्या, ईरण्णांच्या शेतात ज्वारी उभी आहे आणि काढायला माणूस मिळत नाही. तू आडावर गेलीस की बायका अर्ध्या घागरी उचलून चालू लागतात. गावाचं म्हणणं एकच, की बंदुका लुटून नेणाऱ्या टोळीला खबर तुझ्या सासऱ्यांनी दिली. म्हणून तू लिहिलंस, अप्पा, मला न्यायला या. तुझ्या आईनं त्याच संध्याकाळी गाडीत कडबा अंथरायला सांगितला. गाडी मी थांबवली. का थांबवली ते नीट सांगायचं तर पत्र लांबेल. माझी पत्रं कचेरीच्या कागदांसारखी असतात, हे तू लहानपणापासून म्हणत आलीस, तेव्हा आता निमूट वाच.

बंदुकांच्या परवान्यांचं रजिस्टर बावीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. तालुक्यात कोणाकडे ठासणीची बंदूक, कोणाकडे एकनळी, कोणाला रानडुकरांसाठी परवाना आणि कोणाला नुसत्या मानासाठी, सगळं त्यात निजाम सरकारच्या रिवाजाप्रमाणे उर्दूत लिहिलेलं. ते लाल बस्त्यात बांधून लोखंडी पेटीत ठेवायचं आणि किल्ली माझ्या कमरेला. आधीचे तहसीलदार मला म्हणत, शिवलिंगप्पा, हे रजिस्टर बायकोच्या दागिन्यांसारखं सांभाळा. मी म्हणे, हुजूर, दागिने असते तर अनुभव असता. ते हसत, पण पेटीला कुलूप आहे का ते स्वतः ओढून बघत.

आता गावात कोणाकडे बंदूक आहे हे गावाला ठाऊक असतंच. ईरण्णा दसऱ्याला शिवेवर बार काढतात तेव्हा तेरखेड्याचं दारूकाम आपल्याच दारात आल्यासारखं वाटतं. पण गावाची माहिती गावाच्या शिवेशी थांबते. कागदाला शीव नसते. एवढं कळायला बावीस वर्षं लागत नाहीत, मला तर पहिल्याच वर्षी कळलं होतं.

श्रावणात नवे साहेब आले. माणूस चांगला आहे, हे आधी सांगतो, कारण पुढचं वाचून तुला उलटं वाटेल. प्रत्येक अर्ज स्वतः वाचतात, कोणाकडून फळाची टोपलीसुद्धा घेत नाहीत. एका गावी बांधाच्या भांडणात एकानं शेजाऱ्यावर बंदूक रोखली. ती त्याच्या मेलेल्या चुलत्याची होती, परवाना कधीच संपलेला. साहेबांनी विचारलं, गावानं तक्रार का केली नाही? गाव म्हणालं, परवाना कोणाचा आहे नि कोणाचा नाही, आम्हाला काय कळणार, तुमचं सगळं उर्दूत. हे साहेबांच्या मनाला लागलं. त्यांनी हुकूम काढला की परवानेवाल्यांच्या याद्या मराठीत, बालबोध अक्षरात लिहून गावोगावच्या चावडीवर लावा. कोणाची हरकत असेल तर त्यानं सांगावी. ज्याच्याजवळ हत्यार आहे त्याचं नाव शेजाऱ्याला माहीत असलं पाहिजे, आणि ज्यानं रीतसर परवाना घेतला त्याला लपवायचं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, हुजूर, यादी चोरसुद्धा वाचतील. ते म्हणाले, चोरांना वाचता येत असतं तर ते कारकून झाले असते. सगळी कचेरी हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती, आणि माझ्या म्हणण्यात भीतीशिवाय दुसरं काही नव्हतं.

लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. त्र्याहत्तर परवाने, प्रत्येक गावाची वेगळी यादी. नाव, बापाचं नाव, बंदुकीची जात. घर कुठं आहे हा रकाना हुकमात नव्हता, तो मी स्वतःहून घातला. साहेबांना नेटकं काम आवडतं, आणि मलाही. त्यांनी एक यादी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, वा, आता आंधळ्यालाही घर सापडेल. चार दिवस मी त्या शाबासकीवर होतो. तुझी आई म्हणाली, भाजीत मीठ नाही तरी आज बोलला नाहीत.

तुमच्या गावच्या यादीत तीन नावं होती. तिसरं बब्रुवानचं, मारुतीच्या देवळामागे राहणारा. यादी लागल्यावर तो आठ दिवसांनी कचेरीत आला, हातात गुळाची ढेप. मी म्हटलं, ही लाच कशाची? तर म्हणाला, सरकारच्या कागदावर त्याचं नाव पहिल्यांदाच आलं होतं, आणि बायकोनं शाळेतल्या पोराकडून ते दोनदा वाचून घेतलं होतं. गूळ घ्यायला नको होता, पण घेतला. संक्रांतीला आपल्याकडं त्याच्याच पोळ्या झाल्या.

बब्रुवानच्या मागोमाग ईरण्णा आले. व्याही म्हणून बसायला घोंगडी टाकली, पण ते उभेच राहिले. त्यांचा चेहरा मी लग्नातल्या रुसव्यातही इतका उतरलेला पाहिला नव्हता. म्हणाले, "शिवलिंगप्पा, तिघांची नावं लागली, आमचंच का न्हाय? आमची बंदूक काय लाकडाची हाय व्हय?" मी म्हटलं, लिहिताना राहिलं असेल, पुढच्या वेळी येईल. ते म्हणाले, गाव विचारतंय, म्या काय सांगू? मी विषय बदलून तुझी तब्येत विचारली. त्यांना ते कळलं असावं. चहा न घेता गेले.

संक्रांतीनंतर, बेंबळीच्या बाजाराच्या दिवशी काय झालं ते तू पाहिलंस. मला ते जबाबातून कळलं. भरदुपारी खाकी कपड्यातली पाच माणसं आली आणि चावडीजवळ थांबली. एकाच्या हातात कागद होता. गावात शिरताना तुमच्या ओट्यावर ईरण्णा बसले होते. त्यांच्याकडे पाणी मागितलं, त्यांनी सरकारी माणसं समजून तांब्या भरून दिला. मग ती माणसं परवाने तपासायचे आहेत, बंदुकीचा नंबर बघायचा आहे, असं सांगत घरोघर गेली. पहिल्या दोन घरचे पुरुष बाजाराला गेले होते, बायकांनी बंदुका काढून दिल्या. तिसऱ्या घरी बब्रुवान मागाहून शेतातून आला. त्यानं कागदावरची मोहर दाखवा म्हटलं आणि बंदुकीला हात घातला. त्यांनी जवळून गोळी घातली आणि तो तिथंच गेला. ते कोण होते, कुठून आले, याचा अजून पत्ता नाही. ईरण्णांच्या बंदुकीचं नावही कोणी काढलं नाही. पाणी दिलेलं गावानं पाहिलं होतं, बंदूक वाचलेलीही पाहिली, आणि गावानं दोन्हीचा मेळ घातला. गावाच्या जागी मी असतो तर मीही तोच घातला असता.

बब्रुवानची बायको अयोध्या जबाब द्यायला आली तेव्हा लिहायला मीच बसलो होतो. कारकुनानं जबाब लिहिताना मान वर करायची नसते, मी केली नाही. साहेबांनी विचारलं, अनोळखी माणसांच्या हाती बंदूक कशी दिली? ती म्हणाली, "नाव वाचलं, सासऱ्याचं नाव वाचलं, घर कुठं हाय ते बी वाचलं. सरकारचाच कागद म्हणून म्याच आतनं आणून दिली." मी ते उर्दूत लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे मराठीत परत वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि अंगठा दिला. अंगठ्याला शाई लावताना तिचा हात मला धरावा लागला. माझ्या हातापेक्षा तो गार होता.

तेव्हापासून मी कचेरीत जातो, येतो, जेवतो. साहेबांनी सगळ्या याद्या उतरवून मागवल्या आणि जाळल्या. यादी मूळ रजिस्टराशी कोणी ताडून पाहिली नाही. तसं पाहणारा माणूस कचेरीत एकच आहे.

शिवगंगा, तुमच्या गावात परवाने तीन नाहीत, चार आहेत. ईरण्णांचं नाव रजिस्टरात बब्रुवानच्या वर आहे, स्वच्छ, दरसालच्या नूतनीकरणासह. राहून गेलं हे मी त्यांना खोटं सांगितलं. त्या ओळीशी आलो तेव्हा मला तुझं माजघर दिसलं, जिथं ती बंदूक खुंटीला असते आणि खाली तू भाकरी करतेस. मी टाक दौतीत बुडवला आणि पुढच्या ओळीवर गेलो. एवढंच झालं. फार विचार केला, हात थरथरला, असं लिहिलं तर ते खोटं होईल. नंतरची ओळ मी नेहमीसारखीच सुवाच्य लिहिली, देवळाच्या मागे की पुढे, याची पाटलाकडून खात्री करून घेऊन.

यादीत धोका नव्हता, असं मला वाटत असतं, तर तुझ्या सासऱ्यांचं नाव गाळायचं कारण नव्हतं. धोका आहे असं वाटत होतं, तर उरलेली बहात्तर लिहायला नको होती. निदान साहेबांपुढं परत उभं राहायला हवं होतं, ते हसले तरी. यातली एकच गोष्ट मला वाटत होती आणि ती कोणती, हे मला त्या वेळीही ठाऊक होतं. अयोध्यालाही कोणी बाप असेल. तो कारकून नव्हता, इतकाच फरक. आणि वर मूर्खपणा असा की मला वाटलं, कागदावरून नाव गेलं म्हणजे घर झाकलं गेलं. गाव यादीत काय नाही ते आधी वाचतं, हे माझ्यासारख्या नक्कल करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. तुला वाचवायला गेलो आणि तुझ्याच घराला डाग लावला.

तुला आता घेऊन आलो तर गाव म्हणेल, सूनही सोडून गेली, म्हणजे खरंच असणार. ईरण्णा मग त्या गावात जन्मभर मान वर करू शकणार नाहीत, आणि तुझं मूल त्याच घरात वाढायचं आहे. म्हणून गाडी थांबवली. दुसरंही कारण आहे. कशामुळे हे सगळं झालं ते माहीत नसताना तू माझ्या घरी बाळंतपणाला यावंस, हे मला सहन होणार नाही. तुझ्या आईला काल सांगितलं. ती उठून गुळाची उरलेली ढेप परसात ठेवून आली.

हे पत्र मी फक्त तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. वाचून झालं की चुलीत घालू नकोस, उशाखाली ठेवू नकोस. आधी सासऱ्यांच्या हाती दे, मग त्यांना घेऊन चावडीवर जा आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाच. आईची चेष्टा, तुझं अक्षर, काही गाळू नकोस. गाळण्याचं काम मी एकदा केलं आहे. अयोध्याला बोलावून पुढं बसव, तिला कळेल अशा बेतानं सावकाश वाच. याचीच दुसरी प्रत उद्या साहेबांच्या टेबलावर असेल. नोकरी जाईल, बहुधा तुरुंगही होईल. त्याची भीती वाटते, पण तुझी जास्त वाटते. चार दिवसांनी तुझी आई गाडी घेऊन येईल. यायचं की नाही ते तू ठरव, मी घरात असलो तरी आणि नसलो तरी. बब्रुवानच्या भावांनी चावडीवर विचारलं, हा कारकून राहतो कुठं, तर कचेरीमागची गल्ली, चिंचेसमोरचं घर, असं स्पष्ट सांग.

तुझाच,
अप्पा