दादाच्या बॅटवरची सही

मंगळवार, दिवेलागणीनंतर

दादाची बॅट समोर उघडीच पडली आहे, लाल कापड बाजूले.

दादा गेला तेव्हापासून आई दर खंडेनवमीले ही बॅट पुजते अन् लाल कापडात बांधून देवाजवळ ठेवते. मग वर्षभर कोणी सोडत नाही. आपल्या आवडत्या फास्ट बॉलरची सही घ्यालेच तर निघाला होता दादा. वाटेतच ट्रकनं उडवलं. आज तोच बॉलर, आता म्हातारा, तेलीबांधा तलावाजवळच्या हॉटेलात आला होता. आईच बोलली, "घेऊन जा. पण कापड त्याच्यासमोरच सोड."

सोडलं. गाठ सुटता सुटेना, उलटी बसली होती. त्यानं बॅट फिरवून पाहिली अन् हसला. "इस पर तो मैं साइन कर चुका हूँ, बेटा."

खरंच होती. निळी. बोट लावलं तर शाई बोटाले लागली.

"कब?"

"आज सुबह. एक लड़का लाया था, लेफ्टी."

सकाळी तर बॅट देवाजवळ होती, कापडात. मी स्वतः पाहिली. मग?

घरी येऊन आईले सगळं सांगितलं. रडली नाही ती. एवढंच विचारलं, "गाठ कशी होती?"

"उलटी."

"मी सरळ बांधते," आई बोलली. "बुटाच्या लेसही उलट्या बांधाचा तो तुहा डावखुरा दादा."

मी कापड उचलाले गेले, तर तिनं माझा हात धरला.

"राहू दे. तोच बांधेल."