महादेव घाटावरचा कोकीळ आणि समता कॉलोनीतलं घर

मी, विजया नरहर गावंडे, वय एकाहत्तर, जल संसाधन विभागातून हेड क्लार्क म्हणून निवृत्त, राहणार समता कॉलोनी, रायपूर, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावात, धाकात किंवा भिडेत न येता माझ्या मागची व्यवस्था या कागदावर लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ‘भिडेत’ हा शब्द वकीलसाहेबांच्या मसुद्यात नव्हता. तो मी घातला, कारण धाकात मी कधीच नव्हते, भिडेत मात्र सारा जन्म गेला. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, बरं केलं.

वकीलसाहेब म्हणाले, “मॅडम, इतकं लंबं काहून लिहून राहिल्या? मामला दोन पानांचा आहे.” मी म्हटलं, भैया, जन्मभर दुसऱ्यांच्या फाइलींवर दोन ओळींचे शेरे मारले. ही फाइल माझी आहे.

कलम १. बँकेत जे काही शिल्लक असेल त्यातून माझ्या दवाखान्याचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवावा. उरेल ते माझी मुलगी ज्ञानदा हिला द्यावं. सोनं म्हणजे दोन पाटल्या आणि एक मोहनमाळ, तेही तिचंच. भांडी गोल बाजारातली आहेत, जड आहेत, आजकाल कुणाला नको असतात. ज्याला उचलवतील त्यानं न्यावीत.

कलम २. माझी दुर्बीण माझी मैत्रीण लता हिला द्यावी. तेलीबांध्याच्या तलावावर आम्ही दोघी सकाळी फिरायला जायचो. मी पक्षी बघायची आणि ती मला बघायची, की ही बाई कुठे घसरून तर पडत नाही. तिला आजही बगळा आणि वंचक यांतला फरक कळत नाही. पण मी दुर्बीण डोळ्यांना लावली की ती बोलणं थांबवायची, आणि लतासारख्या बाईनं बोलणं थांबवणं म्हणजे काय ते तिच्या नवऱ्याला विचारा. डाव्या भिंगात बुरशी धरली आहे. उजव्यानं बघ गं.

कलम ३. पक्ष्यांचं माझं जुनं सचित्र पुस्तक आमच्या पक्षिनिरीक्षण ग्रुपचे प्रमुख श्री. रामकृष्ण यांना द्यावं. एका वैशाखात माझ्या मागच्या अंगणात, जांभळाखालच्या पाचोळ्यात मी नवरंग पाहिला. हिरवी पाठ, पोटाखाली लाल, शेपटी नसल्यासारखी. प्रवासात दमून उतरलेला असावा. दिवसभर पानं उलथीपालथी करत राहिला आणि दुसऱ्या दिवशी दिसला नाही. रामकृष्णांनी ग्रुपवर लिहिलं, “फोटो नाही तर नोंद नाही. भाभीजींनी खंड्या पाहिला असावा.” अहो, खंड्या पाचोळ्यात काय शोधेल, मासे? नवरंगाच्या पानावर पिवळा डाग आहे तो वरणाचा आहे. तोही रामकृष्णांनी पुरावा नाही म्हणून नाकारावा.

कलम ४. स्वयंपाकघराच्या माळ्यावर जुनी कॅलेंडरं आहेत. त्यांत दुधाचे खाडे, सिलिंडरच्या तारखा आणि दिसलेले पक्षी एकाच चौकटीत लिहिले आहेत. गुपित काही नाही, रद्दीत द्यायला हरकत नाही. देण्याआधी कुणाला वेळ असेल तर वाचावीत, कारण एवढी वर्षं मी काय करत होते असं घरच्यांनी पुष्कळदा विचारलं आहे.

मी हे करत होते. दिवाळीच्या सुमारास धोबी यायचा, शेपटी हलवत गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीभोवती फिरायचा. तो दिसला की मी लोकरीचे कपडे उन्हात टाकायची. पौषात तलावावर थापटे आणि तलवार बदकं. फाल्गुनात सावर फुलली की पळसमैनांचा असा गलका, की समोरच्या क्लिनिकातले पेशंट बाहेर येऊन वर बघायचे. उन्हाळ्यात तांबटाची टुकटुक दुपारभर. आषाढ लागता लागता चातक, आणि मग पावसाळाभर डबक्यांतून पाणकोंबड्या. वर्ष असं फिरायचं आणि मला पंचांग लागायचं नाही. आता थापटे तलावाच्या पलीकडच्या कोपऱ्यात आले तर येतात. धोबी उशिरा येतो. पळसमैना यंदा आल्या की नाही मला माहीतच नाही, कारण त्या दिवसांत मी दवाखान्यात होते. पहिल्यांदा असं झालं की त्या चौकटी कोऱ्या राहिल्या, आणि मला वाईटही वाटलं नाही. इतकी मी थकले आहे.

कलम ५. समता कॉलोनीतलं राहतं घर, खालचा प्लॉट, मागचं अंगण आणि जांभूळ यांसह. हा प्लॉट माझ्या नावावर आहे, बांधकामाचं कर्ज माझ्या पगारातून फिटलं आहे, कागद लोखंडी कपाटात आहेत. तरी हे घर माझे दीर श्री. बाबाराव यांचा मुलगा चि. अभिनव याला मिळणार असं सगळे नातेवाईक धरून चालतात. ते का धरून चालतात हे लिहिल्याशिवाय पुढचं वाक्य लिहिता येत नाही.

माझे यजमान रेल्वेच्या वॅगन कारखान्यात होते. ते दोन हजार सात साली वैशाखात गेले. दहावं महादेव घाटावर केलं. भाताचे पिंड मांडून आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. कावळे होते, पिंपळावर होते, पण खाली येईनात. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, “काही इच्छा राहिली असेल. बोला, कुणीतरी बोला.” मग एकेक जण हात जोडून बोलू लागला. श्राद्ध करू, गयेला जाऊ, विजयाला सांभाळू. कावळा काही हलेना.

मी पिंडाकडे बघत नव्हते, वर बघत होते. नवऱ्याच्या दहाव्याला ही बाई पाखरं बघते, असं नंतर माझी नणंद चारचौघांत म्हणाली. हो, बघत होते. खाली बघवत नव्हतं मला. त्या पिंपळावर कावळ्यांचं घरटं होतं आणि शेजारच्या फांदीवर नर कोकीळ येऊन ओरडत होता, काळाकुट्ट, लाल डोळ्याचा. तो मुद्दाम असा समोर येतो. कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात त्याची मादी घरट्यात अंडं टाकून जाते. वैशाखात हे शहरातल्या कुठल्याही झाडावर दिसतं. कावळे त्याला हाकलण्यात गुंतले होते, त्यांना भाताची शुद्ध नव्हती. मी म्हटलं, “थांबा जरा, तो कोकीळ जाऊ द्या, येतील कावळे.” बाबाराव म्हणाले, “वहिनी, तुम्ही चूप राहा नं आता.”

आणि मग ते पुढे झाले, डोळे मिटले, म्हणाले, “दादा, घराची फिकर करू नको. पोट्टी काय, उद्या दुसऱ्याच्या घरी जाईन. घर अभिनवच्या नावानं करून देऊ. तू जाय आता सुखानं.” त्यांचं बोलणं संपायला आणि कोकीळ खारून नदीपार उडून जायला एकच गाठ पडली. कावळे परत आले, त्यातला एक खाली उतरला आणि भातात चोच घातली. “शिवला! शिवला!” म्हणून सगळे रडले. बाबारावही रडले, खरं रडले, ते मी नाकारत नाही.

घर माझं, इच्छा नवऱ्याच्या नावावर, जबान दिराची आणि शिक्का कावळ्याचा. असा तो निकाल लागला. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायला त्या दिवशी अंगात जीव नव्हता. नंतर म्हटलं तर ‘मेलेल्याची इच्छा मोडते’ असं व्हायचं.

घर गेलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. पण ज्ञानदा तिथेच उभी होती, बावीस वर्षांची. तिनं ऐकलं आणि खरं धरलं. बापाचा जीव घरात अडकला होता आणि तो मोकळा झाला ते आपल्याला वगळल्यावर, असं तिच्या मनात बसलं. त्यानंतर ती या घरात पाहुण्यासारखी येते. रविवारी नवऱ्याला आणि मुलाला, नीलला, घेऊन येते, बाहेरच्या खुर्चीवर बसते. फ्रिज उघडायचा तर विचारते, “मम्मी, पानी ले लूँ?” मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते, एवढंच नेहमीचं. पण घराचा विषय काढला की म्हणते, “पापा की इच्छा थी ना, रहने दो.” कोकिळाचं मी तिला एकदा सांगितलं. ती हसली, “तुमको तो हर बात में चिड़िया दिखती है.” तिचंही चुकलं नाही. मला दिसतातच.

गेल्या महिन्यात अभिनव टेप घेऊन आला. वर मजला काढायचा तर पाया किती, जिना कुठून, अशी मापं घ्यायची होती. रविवार होता. तो म्हणाला, “दीदी, ज़रा ये सिरा पकड़ना.” आणि ज्ञानदानं ते टोक धरलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत माझी मुलगी स्वतःच्या घराचं माप दुसऱ्यासाठी धरून चालत होती, वर आकडेही सांगत होती, एक सुद्धा चुकवला नाही. मी आत जाऊन पलंगावर पडले. दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेले.

म्हणून लिहिते: हे घर, प्लॉट, अंगण आणि झाडासह, माझी मुलगी सौ. ज्ञानदा हिला, तिच्या एकटीच्या नावे, पूर्ण मालकी हक्कानं देत आहे. कुठलीही अट नाही. तिनं राहावं, भाड्यानं द्यावं, विकावं, जांभूळ तोडावं. पाखरांना पाणी ठेवच असंही मी म्हणत नाही. माझ्या आवडींचं ओझं तिला नको. फक्त विचारून पाणी पिऊ नये.

कलम ६. अभिनव वाईट पोरगा नाही. मला दवाखान्यात त्यानंच नेलं, रात्री बाकावर झोपला. त्याला जे कबूल केलं गेलं ते त्यानं मागितलं नव्हतं, आठवीतल्या पोराला कोण विचारतं? आता ते त्याच्याकडून जातं, म्हणून त्याचा राग येणं साहजिक आहे, आणि तो राग त्यानं माझ्यावर धरावा, ज्ञानदावर नाही. माझी गाडी त्याला द्यावी. त्याच्या काकांचं, म्हणजे माझ्या यजमानांचं, मनगटी घड्याळही त्यालाच. ते मागे पडतं, दुरुस्त करून घे.

कलम ७. माझं दहावं करायचं तर करा. कावळा आला तर बरं, नाही आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावा, शास्त्रात सोय आहे, आणि ऊन व्हायच्या आत घरी जा. माझ्या नावानं कुणीही, काहीही कबूल करायचं नाही. माझ्या सगळ्या इच्छा या कागदावर आहेत, यापेक्षा जास्त इच्छा करायची ताकदच राहिलेली नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी लतानं करावी.

पुरवणी (माझ्या स्वतःच्या हातची, साक्षीदारांसमक्ष). साक्षीदार म्हणून मी बाबारावांना मुद्दाम बोलावलं. त्यांच्या पाठीमागे काही केलं असं मला व्हायला नको होतं, आणि त्यांची सही असली तर उद्या कुणी या कागदाला बोट लावणार नाही. हा हिशेब मी केला, लपवत नाही. ते आले, चष्मा लावला, सगळं वाचलं. कोकिळाच्या ठिकाणी थांबले, पुन्हा वाचलं. लता उठून चहा टाकायला गेली. मला वाटलं आता भांडतील, आणि भांडायची माझी तयारीच नव्हती. ते म्हणाले, “वहिनी, मले तर वाटलं होतं दादाचा जीव घरातच अटकला. इतकी सालं मी तेच समजून राहिलो.” मग चष्मा काढून विचारलं, “तं मंग दादाले पाहिजे काय होतं?”

मी सांगितलं. ऐकून ते म्हणाले, “हे लिहा याच्यात. पोट्टीले वाचू द्या. लिहा, मंग मी सही करतो.” म्हणून लिहिते.

ज्ञानू, वडिलांच्या शेवटच्या दुपारी त्यांनी घराचं नाव काढलं नाही, अभिनवचं नाही, माझंही नाही. “ज्ञानू आली का?” एवढंच विचारत होते. तुझी गाडी दुर्गच्या अलीकडे उभी होती. मी दर वेळी म्हणायची, आली, स्टेशनवर उतरली, रिक्षात बसली. ते दाराकडे तोंड करून पडले होते. तू पोचलीस तेव्हा संध्याकाळ झाली होती. उशीर झाला हे तुला जन्मभर टोचेल म्हणून मी कधी बोलले नाही. आता वाटतं, त्यापेक्षा जास्त टोचणारं तू घेऊन बसलीस. त्यांना तू पाहिजे होतीस, बाळा. दुसरं काही मागितलंच नाही त्यांनी.

वरील मजकूर मी वाचला आहे, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांनी माझ्यादेखत आणि एकमेकांदेखत सह्या केल्या.

लिहून देणार: विजया नरहर गावंडे (सही)

साक्षीदार १: लता (सही). शेजारीण व मैत्रीण.

साक्षीदार २: बाबाराव गावंडे (सही). कै. नरहर यांचा धाकटा भाऊ, अभिनवचा बाप. पूर्ण वाचलं. कबूल आहे. हा कागद ज्ञानूला मी स्वतः नेऊन देईन.

ठिकाण: समता कॉलोनी, रायपूर
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५