बासष्ट फुटी कॅटामरान, मुक्काम जळकोट

१६ मार्च २०२५, रविवार. सकाळी ६.
निवृत्तीला पंधरा दिवस झाले. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकलेच्या तासाला पोरांकडून फुलदाणी आणि केळी काढून घेतली. आता स्वतःचं चित्र. शिडाची कॅटामरान, बासष्ट फुटी. दोन हल, म्हणजे बोटीची दोन पोटं, शेजारी शेजारी आणि मधे डेक. त्यामुळं कलंडत नाही. समुद्र एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याला, सहलीच्या पोरांच्या चपला सांभाळताना. पुरेसा पाहिला.
संकल्प: रोज चार तास काम. वनमालाला योग्य वेळी सांगणे.

२० मार्च.
प्लॅन तयार. डाव्या हलमध्ये दोन बेडरूम, उजव्यात दोन. चारींना अटॅच बाथरूम. मधे हॉल, तिथंच गॅली, म्हणजे स्वैपाकघर. पुढं जाळं, त्यावर पडून डॉल्फिन बघायचे. गॅली हलमध्ये ठेवली असती तर वनमालाला गुडघे घेऊन जिना चढावा लागला असता, म्हणून वर घेतली. बायकोचा इतका विचार कोण करतं?
अजून सांगितलं नाही. तिचं डोकं दुखत होतं.

३० मार्च, पाडवा.
पूर्ण मापात आखल्याशिवाय चुका कळत नाहीत. घरामागच्या मोकळ्या जागेत फक्कीनं अख्खी बोट आखली. बासष्ट बाय तीस. वनमाला गुढीला नैवेद्य दाखवून मागं आली. हे काय, म्हणाली. म्हटलं, आपलं. चार खोल्या? चार, आणि बाथरूम आत. तिनं पदरानं डोळे पुसले. एकतीस वर्षं पत्र्याच्या दोन खोल्यांत काढलीत तिनं, मोकळ्या समुद्राची ओढ असणारच. आतून नारळ आणला आणि अगदी पुढच्या टोकाला फोडला. जहाजाला नारळ नाकावर फोडतात, हे हिला कुणी सांगितलं?
बोट हा शब्द काढायची गरजच पडली नाही.

७ एप्रिल.
वनमालाचा उत्साह आवरत नाही. रोज फक्कीच्या गॅलीत जाऊन उभी राहते. ओटा कुठं, विचारलं. दाखवला. देवघर पाहिजे म्हणाली. नकाशाच्या टेबलाशेजारी दिलं. पुढं टोक कशाला? म्हटलं, पाणी कापायला. व्हय, पावसाळ्यात भिंती लई भिजतात, म्हणाली. दार कुठल्या दिशेला? म्हटलं, वारा असेल तशी दिशा बदलेल. तुमचं आपलं काहीतरीच, म्हणून हसली. कितीतरी वर्षांनी हसली.
शेजारच्या द्वारकाबाईंना तिनं चारी खोल्या दाखवल्या. रेघा ओलांडू दिल्या नाहीत, दारातूनच आत नेलं.

१९ एप्रिल.
शिडाचं कापड आलं, दोर ओढायच्या विंच आल्या, मास्टची, म्हणजे डोलकाठीची, ऑर्डर गेली. निवृत्तीचा फंड संपला. काळजी नाही, समुद्रावर खर्च नसतो. वनमालानं ते पांढरंशुभ्र कापड अंगणात पसरून त्यावर कुरडया घातल्या. पूजेला माणसं येतील, लागतील, म्हणाली. लांबच्या प्रवासाला टिकाऊ जिन्नस हवेतच. आमचं इतकं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

३० एप्रिल, अक्षय तृतीया.
सकाळी गुंडाप्पा गवंडी कुदळ घेऊन हजर. वनमालानंच बोलावलेला. सर, पाया किती खोल घ्यायचा? म्हटलं, पाया नाही. बिनपायाचं घर म्या अजून बांधलं न्हाय, म्हणाला. मग सांगावंच लागलं. ही बोट आहे, एवढी मोठी असून पाण्यात साडेचार फूटच बुडते. गुंडाप्पा बराच वेळ हायवेकडं बघत राहिला. मग म्हणाला, सर, हितं प्यायला टँकर येतोय.
वनमालानं एकच विचारलं, फंड कुठंय? मी कुरडयांखालच्या कापडाकडं हात केला.
ती गुंडाप्पाला चहा करायला आत गेली.

१ मे.
वनमाला बोलत नाही. समुद्राची भीती सुरुवातीला सगळ्यांनाच वाटते. संकल्प: उद्या तिला लाइफ जॅकेटचे फोटो दाखवणे.

३ मे.
वनमाला सोलापूरला जाईकडं गेली. लेकीकडं आठ दिवस राहून येते, म्हणाली. पिशव्या चार. देवही नेले.
जाण्याआधी रोजच्यासारखं झाडलं तिनं. नंतर मागं जाऊन पाहिलं. बाकी बोट जशीच्या तशी, फक्त गॅलीच्या रेघा नाहीत. वाईट वाटलं. बराच वेळ तिथं उभा होतो.

११ मे.
आठ दिवस झाले. फोन जाईनं उचलला. आई झोपलीय, म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते.

१८ मे.
आराखड्यात दुरुस्ती. गॅली लहान केली, एका माणसापुरती. तीन बेडरूम आणि देवघर काढलं. बोट बरीच हलकी झाली. कॅटामरानला वजन सोसत नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.
चहाची पूड कुठं ठेवते, ते विचारायचं राहिलं.