दोन किल्ल्यांचं वायफाय

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ११.२०
अखेर अण्णांनी माणूस ओळखला. पतसंस्थेच्या मंगळवार पेठेतल्या नव्या ऑफिसचं वायफाय माझ्याकडे. चेअरमन अण्णांच्या तोंडून, सगळ्या स्टाफसमोर. म्हणाले, राजाभाऊ, ते वायरलेस का काय ते तुम्ही बघा. तेवीस तारखेचं उद्घाटन गडहिंग्लज आणि मलकापूर शाखेतल्या टीव्हीवर लाइव्ह दिसायला पायजे.
अण्णांच्या आई सीताबाई. वय अठ्ठ्याऐंशी, संस्थेच्या पहिल्या सभासद. प्रवास झेपत नाही, त्यामुळे गडहिंग्लजच्या शाखेत बसून बघणार. अण्णा म्हणाले, अव्वाला दिसलं पायजे, बाकी दुनियेला नाही दिसलं तरी चालतंय.
त्याच कार्यक्रमात नव्या मॅनेजरचं नाव जाहीर होणार. जुने मॅनेजर दिवाळीत रिटायर झाले. सगळ्यात सीनियर कोण? मी. सत्तावीस वर्षं. वायफाय कुणाला दिलं? मला. वेगळं सांगायला नको.
संयोगिताला फोन करून सांगितलं, मॅनेजर झालो. झाल्यातच जमा आहे. तिने लगेच मलकापूरला बहिणीला कळवलं. मेव्हणी तेवीसला शाखेत जाऊन टीव्हीवर बघणार.
संकल्प : रोज सकाळी सहा ते सात नेटवर्किंगचा अभ्यास. यूट्यूबवर सगळं असतं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आठला जाग आली. अभ्यास उद्यापासून.

बुधवार, ५ नोव्हेंबर
अभ्यास सोमवारपासून. आठवड्याच्या मध्ये सुरू केलेलं टिकत नाही.
प्लॅनिंग मात्र जोरात. ग्राफ पेपरवर ऑफिसचा नकाशा काढला. हॉल निळा, माझी केबिन लाल. म्हणजे मॅनेजरची केबिन. दुकानदार म्हणाला, एवढ्या जागेला दोन राऊटर लागतील. मी म्हटलं, एकच द्या पण जोरदार द्या. सहा अँटेनांचा घेतला. टेबलावर ठेवला तर उलटा पडलेला खेकडा.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
राऊटर कुठे ठेवायचा हा प्रश्न मी दोन मिनिटांत सोडवला. पतसंस्थेत मौल्यवान वस्तू कुठे ठेवतात? स्ट्राँगरूममध्ये. भिंती दीड फुटी काँक्रीटच्या. दार पोलादी, आठ जणांनी ढकलत आणलेलं. दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडे, म्हणजे दिवाळीपासून तात्पुरती माझ्याकडे. दुसरी कॅशियर शबनम मुल्ला यांच्याकडे. दोघं असल्याशिवाय दार उघडत नाही. याला सिक्युरिटी म्हणतात.
इंटरनेट कंपनीचा माणूस आला. त्याने आपला डबा हॉलच्या भिंतीवर ठोकला आणि म्हणाला, पावणं, राऊटर हितंच डब्याशेजारी लावा की. तिजोरीत कशाला कोंडताय त्याला? मी त्याला सिक्युरिटी समजावून सांगितली. त्याने दिव्याच्या पाइपातून वायर आत घेतली, म्हणाला, तुमचं हाफिस, तुमची तिजोरी, आणि सही घेऊन गेला.
नेटवर्कला नाव द्यावं लागतं. ‘मॅनेजर’ असं दिलं. आता गल्लीतल्या प्रत्येक मोबाइलवर दिसेल.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी १०.४५
नव्या ऑफिसचा पहिला दिवस. साडेदहाला मी आणि शबनमनी स्ट्राँगरूम उघडली, मी राऊटरचं बटण दाबलं आणि हॉलमध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर ‘मॅनेजर’ झळकलं! टाळ्या. अण्णांनी आईला व्हिडिओ कॉल लावला. कॅमेरा उलटा धरल्यामुळे सीताबाईंना छतावरचा पंखा दिसला. त्या म्हणाल्या, पंखा चांगला आहे. अण्णांचे डोळे भरून आले. माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचा अर्थ मला कळतो.

११.१५
अकरा पाचला स्ट्राँगरूम बंद केली. अकरा पाचपासूनच नेट नाही. कंपनीचा दोष असणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
कंपनी म्हणते लाइन उत्तम आहे. म्हणजे गडबड आतली आहे. मी नोंदी ठेवायला लागलोय.
चालू : १०.३० ते ११.०५. मध्ये १.१५ ते १.२०. मग ५.०० ते ५.३५. बाकी दिवसभर बंद. तिन्ही दिवस हेच.
यातून काय निघतं? कुणीतरी ठरवून, वेळापत्रक लावून नेट ओढतोय. आपल्यातलाच माणूस आहे. सत्तावीस वर्षं यांच्याबरोबर डबा खाल्ला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
केरबा शिपाई आज चहा ठेवता ठेवता म्हणाला, सायेब, मी काय शिकल्याला न्हाय, पर त्ये तिजोरीचं दार उघडलं की ह्ये चालू हुतंय आन् लावलं की गप हुतंय बघा. केरबा प्रामाणिक माणूस आहे. पण त्याचा हा विषय नव्हे.
नेट चालू असतं तेव्हा सगळ्यात जास्त रेंज कुणाच्या मोबाइलला? शबनमच्या. माझ्या केबिनमध्ये एक काडी, त्यांच्याकडे चार. आणि नेट चालू असताना दर वेळी त्या कुठे उभ्या असतात? स्ट्राँगरूमच्या दारात. हातात किल्ली घेऊन. मीही तिथेच असतो, पण मी कामासाठी असतो.
पासवर्ड बदलला. एकोणीस अक्षरी. कुणालाही सांगणार नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर
पासवर्ड विसरलो. केरबाला पाठ होता. विश्वास ठेवावा तरी कुणावर?
शबनम केबिनमध्ये आल्या. आवाज बारीक करून म्हणाल्या, साहेब, राऊटर बाहेर काढूया का? दार लोखंडी आहे, भिंती एवढ्या जाड. बाहेर ठेवला तर दिवसभर चालेल, तुमचंच नाव होईल. मी म्हटलं, बघू.
त्या गेल्यावर विचार केला. कॅशियरला राऊटर बाहेर का हवा? माझ्या किल्लीतून सुटावा म्हणून. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी ज्युनियर. मॅनेजरपदावर डोळा आहे हे आता सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ झालं. या बाईंना कॅल्क्युलेटरवर पर्सेंट काढायला मी शिकवलं. ईदला त्यांच्या घरचा शीरखुर्मा मी दोन वाट्या घेतो. आणि हे!
संयोगिताला सांगितलं. ती म्हणाली, अहो, बाई बरोबर बोलतीय की. म्हणजे घरातही.

गुरुवार, २० नोव्हेंबर. संध्याकाळी ४.००
चमत्कार! आज सकाळपासून नेट एकदाही गेलं नाही. माझ्या केबिनमध्ये चार काड्या. परवा मी राऊटरच्या सेटिंगमध्ये काही बटणं दाबली होती, त्याचा परिणाम उशिरा का होईना दिसला. दुपारी अण्णा आले, सीताबाईंशी पाऊण तास बोलले. जाताना म्हणाले, राजाभाऊ, जमवलंसा की! मी म्हटलं, अभ्यास लागतो अण्णा.
अण्णांच्या हातात पांढरं पाकीट होतं. मला बघून हसले आणि खिशात घातलं. तेवीसलाच उघडणार म्हणाले.

५.५०
घात झाला. स्ट्राँगरूम बंद करायला गेलो तर राऊटर जागेवर नाही. हॉलमध्ये, कंपनीच्या डब्याशेजारी, फळीवर! केरबाला विचारलं. तो म्हणाला, मॅडमनी ठेवाय सांगितला सकाळी, तुम्ही चहाला गेलतासा तवा. शबनम पुढे होऊन म्हणाल्या, साहेब, रागावू नका, तुम्हाला न विचारता केलं, पण आज बघितलंत ना कसं चाललं? अण्णांना मी काही बोललेली नाही.
बोललेल्या नाहीत! चोरी करून वर गुप्तता.
राऊटर स्वतःच्या हाताने आत ठेवला. दोन्ही किल्ल्या फिरवल्या. आपली किल्ली फिरवताना शबनमनी माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर
रंगीत तालीम झकास. गडहिंग्लजला चित्र स्वच्छ, मलकापूरला आवाजसुद्धा स्वच्छ. स्ट्राँगरूमच्या दाराला झेंडूचे हार बांधायचं काम दिवसभर चालू होतं, त्यामुळे दार उघडंच. आत राऊटर सुखरूप.
जाताना शबनम परत आल्या. म्हणाल्या, साहेब, उद्या पूजेत दार बंद करणार आहेत. शेवटचं सांगते. मी शांतपणे म्हटलं, मॅडम, सिग्नल म्हणजे म्हैस नव्हे, दार लावलं की आत अडकायला. केरबा हसला. माझ्या बाजूने हसला असावा.
संकल्प : मॅनेजर झाल्यावर सूड नाही. फक्त शबनमचं टेबल जरा मागे.

रविवार, २३ नोव्हेंबर. सकाळी ७.१०
नवा कोट. संयोगिताने औक्षण केलं. भाषण पाठ आहे, साडेचार मिनिटं.

सोमवार, २४ नोव्हेंबर. सकाळी ९.००
काल लिहायला जमलं नाही. जे झालं ते क्रमाने लिहून ठेवतो, पुढे पुरावा म्हणून.
अकराला फीत कापली. नेट उत्तम. टीव्हीवर गडहिंग्लजची शाखा दिसत होती. पुढच्या खुर्चीत सीताबाई, डोक्यावर पदर, हातात अक्षता. अण्णा म्हणाले, अव्वा, दिसतंय न्हवं? त्या म्हणाल्या, तू वाळलास. सगळे हसले.
मग स्ट्राँगरूमची पूजा. अण्णांनी आत चांदीचं नाणं आणि कोरी वही ठेवली. आमच्या संस्थेत रीत अशी, की दार लावायचं, दोन्ही किल्ल्या फिरवायच्या, बंद दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, आणि मग सीताबाई आशीर्वाद देणार. मी किल्ली फिरवली. शबनमनी फिरवली. अण्णा टीव्हीकडे वळून म्हणाले, अव्वा, आता
आणि चित्र थांबलं.
मी ताबडतोब गच्चीवर जाऊन कंपनीला फोन लावला. सतरा मिनिटं त्यांचं संगीत ऐकलं. तेवढ्यात खाली काय झालं ते केरबाकडून कळलं. गडहिंग्लजच्या टीव्हीवर अण्णा तोंड उघडं आणि एक डोळा मिटलेला अशा अवस्थेत गोठले. सीताबाई घाबरल्या. तवनाप्पाला, म्हणजे अण्णांना, वारा गेला, लकवा मारला म्हणून रडायला लागल्या. अक्षता खाली सांडल्या. अण्णांनी फोन केला तरी पटेना. म्हणाल्या, आवाज कुणी पण काढतंय, मला माझा पोरगा दाखवा. अण्णाही रडकुंडीला आले.
तेव्हा शबनमनी आपल्या मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडलं. दोन मिनिटांत चित्र आलं. अण्णांनी आईला हात हलवून दाखवला, मान हलवून दाखवली, दोनदा बसून-उठून दाखवलं. मग त्या माउलीने आशीर्वाद दिला. मी खाली आलो तोवर पेढे वाटून झाले होते.
अण्णांनी विचारलं, कशानं गेलं हो नेट? माझ्या आधी शबनम बोलल्या, कंपनीची लाइन गेली असंल अण्णा, साहेब तेच बघायला गेलते.
घ्या. मोबाइल तयार ठेवून आल्या होत्या. वर मला वाचवल्याचं नाटक. कट केला नसता, तर पांघरूण घालायची गरज काय होती?
अण्णांनी मान वळवली. बंद दाराकडे बघितलं. दाराखालून आत गेलेल्या झेंडूच्या माळेकडे बघितलं. केरबाला बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. केरबाने मान खाली घालून उत्तर दिलं. पांढरं पाकीट खिशातच राहिलं. भाषणही राहिलं.
मलकापूरहून मेव्हणीचा फोन होता. संयोगिताने उचलला नाही.

मंगळवार, २ डिसेंबर
आज पाकीट उघडलं. हे पिवळं होतं. पांढऱ्याचं काय झालं, विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. मॅनेजर : शबनम मुल्ला.
स्ट्राँगरूमची किल्ली सही करून परत दिली. नेटवर्कचं नाव बदलायची गरज नाही, असं अण्णा म्हणाले. राऊटर हॉलमध्ये फळीवर. मला म्हणाले, राजाभाऊ, जुनं दप्तर लावायला तुमच्यासारखा जुना माणूस पायजे. जुनं दप्तर स्ट्राँगरूममध्ये आहे. टेबल आतच टाकलंय.
शबनमनी विचारलं, साहेब, पंखा लावून देऊ? मी म्हटलं, सवय आहे.
संयोगिता सकाळी म्हणाली, डब्यात एक पोळी जास्त घातलीय. भांडली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, ४ डिसेंबर. दुपारी ३.३०
अभ्यासाला सुरुवात केली. मोबाइलवर व्हिडिओ, नेटवर्किंग भाग एक. मास्तर सांगत होते की राऊटर कुठे ठेवू नये. तेवढ्यात हॉलमध्ये झाडलोट चालू झाली म्हणून केरबाने बाहेरून दार लोटलं. मास्तर तोंड उघडं ठेवून थांबले. थोड्या वेळाने केरबा चहा घेऊन आला, दार उघडलं. मास्तर पुढे बोलायला लागले.
केरबा गेल्यावर मी उठलो. दार लोटलं. थांबले. उघडलं. बोलले. लोटलं. उघडलं. असं सात वेळा केलं.
सातव्यांदा उघडलं तेव्हा समोरच्या केबिनमधून शबनम माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, काय झालं साहेब? मी म्हटलं, बिजागरी वाजतीय.
त्यांनी मान हलवली. पाच मिनिटांत केरबा तेलाची बाटली घेऊन आला. दार नवीन आहे, वाजत नव्हतं. तरी त्याने तिन्ही बिजागऱ्यांना नीट तेल घातलं, फडक्याने पुसलं आणि गेला.