धुमरांचं बाळ

१२ नोव्हेंबर १९८१, संध्याकाळ

आज लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. शाळा सुटल्यावर आमच्या शाळेतल्या सुशीलाताईंकडे नाशिक रोडला गेले होते, माझ्या कादंबरीतलं लढाईचं प्रकरण वाचून दाखवायला. धुमर ही मी रचलेली गुहेतली जमात, सगळे जन्मजात दुष्ट. राजपुत्र त्यांची वस्ती पेटवतो. मला वाटलं, ताई खूश होतील.

त्यांनी शांतपणे विचारलं, "धुमरांना बाळं होतात ना?"

"होत असतील की."

"मग ते बाळ कशानं दुष्ट? जन्मानं? बाई, हे आम्ही फार ऐकलंय."

ताईंच्या आईला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. तरी हे मला कसं सुचलं नाही?

"मग सगळ्यांना चांगलं करू?" मी विचारलं.

"छे, मग गोष्ट कसली! असू द्या की दुष्ट. पण जो तो स्वतः ठरवून झालेला असू द्या. धुमरही, आणि तुमचा राजपुत्रही."

राजपुत्रही! बसमध्ये तेच डोक्यात घोळत होतं. पंचवटीत उतरले तोवर ते बाळ मला दिसायलाच लागलं होतं, गुहेच्या तोंडाशी, आईच्या कडेवर. आल्या आल्या जुनी पानं फाडून टाकली. वाईट अजिबात वाटलं नाही.

आता राजपुत्र मशाल घेऊन त्या दोघांसमोर उभा आहे. तो काय करील, हे पहिल्यांदाच मला माहीत नाही.